एका अक्षराची किंमत

१९८०च्या दशकाच्या सुरुवातीला अथेन्समधले डॉक्टर काही रुग्णांपुढे चक्रावून जात होते. या रुग्णांना हिपॅटायटिस बीचा जुना संसर्ग होता. रक्ताचा अहवाल सांगत होता, की विषाणू आता शांत झाला आहे. यकृत मात्र वर्षागणिक बिघडत चालले होते आणि काहींची वाटचाल सिरॉसिसकडे सुरू झाली होती.

अहवाल फसवा होता, पण चुकीचा नव्हता. त्या काळी अशा रुग्णांच्या रक्तात प्रामुख्याने दोन गोष्टी पाहिल्या जात. पहिली विषाणूच्या बाह्य आवरणातले प्रथिन. हे रक्तात सापडणे म्हणजेच प्रयोगशाळेच्या भाषेत ‘एचबीएसएजी पॉझिटिव्ह’. तसे असेल तर विषाणू शरीरात मुक्कामाला आहे. दुसरी गोष्ट म्हणजे ‘ई’ प्रतिजन, हेही विषाणूचेच एक प्रथिन, १९७२ साली स्वीडनमध्ये लार्स मॅग्नियस यांनी शोधलेले. ते असेल तर विषाणू जोरात वाढतो आहे. ते नाहीसे होऊन त्याच्याविरुद्ध प्रतिपिंडे दिसू लागली, की रोग निवला असे मानायचे. बहुतेक रुग्णांच्या बाबतीत हा नियम चालायचा. ग्रीसमधले स्टेफानोस हादझियानिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये दाखवून दिले, की त्यांच्याकडच्या बऱ्याच रुग्णांना तो लागू पडत नाही. ‘ई’ प्रतिजन नाही, प्रतिपिंडे आहेत, तरी विषाणूचा डीएनए रक्तात भरपूर. भूमध्य समुद्राकाठी असे रुग्ण वारंवार भेटत. उत्तर युरोपात क्वचितच.

याचा उलगडा १९८९ मध्ये लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटल मेडिकल स्कूलमध्ये झाला. तिथे हॉवर्ड थॉमस यांच्या गटात काम करणाऱ्या विल्यम कार्मन या वैद्यकीय विषाणुतज्ज्ञाने ग्रीक सहकाऱ्यांच्या साथीने अशा रुग्णांमधल्या विषाणूचा जनुकीय मजकूर वाचला. पीसीआर हे तंत्र तेव्हा नवे होते. रक्तातल्या मोजक्या डीएनएच्या असंख्य प्रती काढून तो थेट वाचण्याची सोय त्याने नुकतीच झाली होती. ‘ई’ प्रतिजनाच्या मजकुराच्या सुरुवातीच्या भागात, ज्याला प्री-कोअर म्हणतात, एका ठिकाणी ‘जी’च्या जागी ‘ए’ आला होता. टीजीजी या तीन अक्षरांचा अर्थ ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल. त्यांचे टीएजी झाले, आणि टीएजीचा अर्थ ‘इथे थांबा’. प्रथिन बनवणारी यंत्रणा तिथेच थांबते आणि ‘ई’ प्रतिजन तयारच होत नाही. विषाणूच्या गाभ्याचे प्रथिन मात्र या थांब्याच्या पुढून सुरू होत असल्याने विषाणू बिनधोक बनत राहतो. त्याच वर्षी इटलीतल्या मॉरित्सिया ब्रुनेत्तो आणि फेरुच्चो बोनिनो यांच्या गटानेही असे ‘ई’ न बनवणारे विषाणू नोंदवले.

‘ई’ प्रतिजन नसण्याचे दोन अर्थ असू शकतात, हे आता डॉक्टरांना कळले. विषाणू थंडावला असेल, किंवा त्याने फक्त ते प्रथिन बनवणे सोडले असेल. पहिल्या रुग्णाला धीर द्यायचा, दुसऱ्याला उपचार. मधला फरक एका अक्षराचा होता.

नवरा जा, नव राजा

हिपॅटायटिस बीच्या विषाणूचा संपूर्ण मजकूर जेमतेम ३,२०० अक्षरांचा. पॅरिसच्या पाश्चर संस्थेशी संबंधित संशोधकांनी तो १९७९ मध्ये पहिल्यांदा पूर्ण वाचला, तेव्हा त्याची काटकसर पाहण्यासारखी होती. एवढ्याशा मजकुरात चार जनुके बसवलेली, आणि तीही एकावर एक. नक्कल काढणाऱ्या पॉलिमरेझ या प्रथिनाचे जनुक एकट्याने तीन चतुर्थांशाहून जास्त जागा व्यापते. बाह्य आवरणाच्या प्रथिनाचे जनुक सगळेच्या सगळे या पॉलिमरेझच्या जनुकाच्या पोटात आहे. अक्षरे तीच, फक्त तीन-तीनचे गट पाडायला एक घर पुढून सुरुवात करायची.

मराठीत ‘नवराजा’ ही अक्षरे एका जागी तोडली तर ‘नव राजा’ होतात, दुसऱ्या जागी तोडली तर ‘नवरा जा’. आता यातल्या ‘रा’चा ‘री’ करून पाहा. ‘नवरी जा’ला अर्थ आहे, ‘नव रीजा’ला काहीच नाही. एका वाचनात खपून जाणारा बदल दुसऱ्या वाचनात वाक्य मोडतो. या विषाणूच्या बऱ्याच बदलांना अशी दुहेरी परीक्षा द्यावी लागते, आणि त्याची सारी कहाणी या अडचणीभोवती फिरते.

कारण बदलांचा तुटवडा त्याला अजिबात नाही. हा डीएनए विषाणू असला तरी आपली नक्कल आरएनएमार्गे काढतो. जेसी समर्स आणि विल्यम मेसन यांनी १९८२ मध्ये बदकांमधल्या त्याच्या भाईबंदावर काम करून हे दाखवले. आरएनएवरून डीएनए लिहिणाऱ्या पॉलिमरेझला आपले लिखाण तपासून दुरुस्त करता येत नाही. जोरात वाढणाऱ्या संसर्गात एका रुग्णाच्या शरीरात दिवसाला दहा हजार कोटींच्या घरात विषाणुकण बनू शकतात. इतक्या नकला आणि दुरुस्ती नाही, म्हटल्यावर जवळपास प्रत्येक अक्षराचा बदल रोज कुठे ना कुठे होऊन जातो. बहुतेक बदल दुहेरी परीक्षेत नापास होऊन मरतात. थोडे लंगडत जगतात. परिस्थिती बदलली, की त्या लंगड्यांपैकी एखादा पुढे येतो.

‘ई’ प्रतिजन हे याचे चांगले उदाहरण. विषाणूला स्वतःच्या वाढीसाठी त्याची गरज नसते. ते रक्तात मोकळे फिरते आणि प्रतिकारशक्तीला गुंगवून ठेवते, असे मानले जाते. जन्माच्या वेळी संसर्ग झालेल्या बाळांपैकी ९० टक्क्यांपर्यंत बाळांमध्ये तो कायमचा ठाण मांडतो, तर प्रौढपणी संसर्ग झालेल्यांमध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांच्या आत असते. या तफावतीतही ‘ई’ प्रतिजनाचा हात असावा. पण पुढे प्रतिकारशक्ती जागी होऊन हल्ला चढवते, तेव्हा ‘ई’ प्रतिजन बनवणे अंगाशी येते. इतके दिवस मागे पडलेला, ते न बनवणारा प्रकार मग भरभराटीला येतो.

भूमध्य समुद्रच का?

हा बदल ग्रीस-इटलीत इतका, आणि उत्तर युरोपात इतका कमी का, याचे उत्तर थोडे उशिरा मिळाले. त्यासाठी विषाणूंच्या घराण्यांची ओळख व्हावी लागली. जपानमध्ये हिरोआकी ओकामोतो आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये १८ विषाणूंचे पूर्ण मजकूर शेजारी ठेवले आणि ८ टक्क्यांहून अधिक फरक ही रेघ मानून त्यांचे चार गट पाडले: ए, बी, सी आणि डी. ही यादी पुढे जे या अक्षरापर्यंत, म्हणजे दहा गटांपर्यंत गेली. प्रत्येक गटाचा भूगोल वेगळा. उत्तर युरोपात ए, पूर्व आशियात बी आणि सी, पश्चिम आफ्रिकेत ई, आणि भूमध्य समुद्राकाठापासून पश्चिम आशियातून भारतापर्यंत डी.

आता तो ‘जी’ पुन्हा पाहू. मजकुरातला त्याचा क्रमांक १८९६. विषाणूचा आरएनए या भागात दुमडून केसाच्या पिनेसारखा आकार घेतो, आणि नवे कण भरताना पॉलिमरेझ हाच आकार ओळखते. दुमडल्यावर १८९६ क्रमांकाचे अक्षर १८५८ क्रमांकाच्या अक्षरासमोर येते. ए गटात १८५८ वर सहसा ‘सी’ असतो. सी आणि जी यांची जोडी घट्ट. तिथे ‘जी’चा ‘ए’ झाला, तर जोडी तुटते, पिन सैल पडते आणि विषाणूचे नुकसान होते. डी गटात मात्र १८५८ वर ‘टी’ असतो, आरएनएमध्ये ‘यू’. त्याची ‘जी’शी जोडी मुळातच ढिली, ‘जी’चा ‘ए’ झाला तर ती उलट पक्की होते. तोच बदल एका घराण्याला महागात पडतो आणि दुसऱ्याच्या पथ्यावर. ग्रीक रुग्णांचे कोडे ग्रीक हवेत किंवा आहारात नव्हते. तिथल्या विषाणूच्या वंशात होते.

इटलीतल्या बाळातला विषाणू

कार्मन यांचे दुसरे गाजलेले काम लगेच पुढच्या वर्षीचे. हिपॅटायटिस बीची लस म्हणजे विषाणूच्या आवरणाचे प्रथिन. १९८१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेली पहिली लस बाधित माणसांच्या रक्तद्रवातून काढलेली होती. १९८६ पासून तेच प्रथिन यीस्टमध्ये बनवले जाऊ लागले. २२६ अमिनो आम्लांच्या या प्रथिनात मधला एक छोटा वळसा महत्त्वाचा. लसीमुळे तयार होणारी संरक्षक प्रतिपिंडे मुख्यतः त्यालाच पकडतात.

इटलीत अलेसांद्रो झानेत्ती यांनी लस घेतलेल्या १,५९० जणांची पाहणी केली होती. हे सगळे बाधितांच्या निकट राहणारे, त्यांत बाधित मातांची बाळेही होती. त्यांतल्या ४४ जणांमध्ये संसर्गाची चिन्हे सापडली, अंगात प्रतिपिंडे असूनही. त्यांतल्या एका बाळाच्या विषाणूचा मजकूर लंडनमध्ये वाचला गेला. आईच्या विषाणूत १४५ व्या जागी ग्लायसिन होते, बाळाच्या विषाणूत आर्जिनिन. पुन्हा एकाच ‘जी’चा ‘ए’ झाला होता, आणि बदल नेमका त्या वळशात होता. १९९० मध्ये ‘लान्सेट’मध्ये हा निबंध प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याने खळबळ उडवली. लसीला चकवणारा विषाणू सापडला होता, आणि जगभरातले लसीकरण कार्यक्रम तेव्हा कुठे उभे राहत होते.

या टप्प्यावर भीतीचे दोन प्रश्न होते. असे विषाणू लसीमुळेच तयार होतात का? आणि लस निकामी करून ते जगभर पसरतील का? कार्मन पुढे ग्लासगोला गेले. तिथल्या पश्चिम स्कॉटलंडच्या विशेष विषाणुशास्त्र केंद्राचे ते संचालक झाले. त्यांच्या गटाने पापुआ न्यू गिनी, दक्षिण आफ्रिका आणि सार्डिनिया इथल्या विषाणूंच्या आवरणाचे मजकूर तपासून १९९७ मध्ये अहवाल दिला. आवरणातले बदल ठिकठिकाणी आढळत होते. म्हणजे लस बदल घडवत नाही, आधीच घडलेल्यांतून निवड करते. यकृत प्रत्यारोपणानंतर प्रतिपिंडांची इंजेक्शने दिलेल्या रुग्णांचा अभ्यासही त्यांनी केला. प्रतिपिंडांचा दाब सतत असला, की आवरण कसे बदलते, हे तिथे डोळ्यांदेखत दिसत होते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर तैवानने दिले. १९८४ च्या जुलैमध्ये तिथे नवजात बाळांसाठी देशव्यापी लसीकरण सुरू झाले. तैपेईच्या मुलांमध्ये तेव्हा एचबीएसएजी पॉझिटिव्हचे प्रमाण ९.८ टक्के होते. दहा वर्षांनी ते १.३ टक्क्यांवर आले, आणि १९९९ मध्ये ०.७ टक्क्यांवर. बाधित मुलांपैकी वळशात बदल झालेला विषाणू असणाऱ्यांचा वाटा याच काळात ७.८ टक्क्यांवरून १९९४ मध्ये २८.१ टक्क्यांवर गेला. आकडा दचकवणारा आहे, पण तो कशाचा वाटा आहे हे पाहायला हवे. बाधित मुलेच झपाट्याने कमी होत होती, त्यामुळे उरलेल्यांत चकवणाऱ्यांचा टक्का वाढला. १९९९ पर्यंत तोही २३.१ वर आला. मुलांमधला यकृताचा कर्करोग तर जवळपास निम्म्यावर आला.

चकवणारे विषाणू जग जिंकू शकले नाहीत, याचे एक कारण त्याच दुहेरी वाचनात आहे. १४५ व्या जागी आर्जिनिन आणणारे अक्षर पॉलिमरेझच्या मजकुरातलेही आहे. तिथेही एक अमिनो आम्ल बदलते. शिवाय आवरणाचा आकार बदलला, की कण बाहेर पडण्यावर परिणाम होतो. लसीच्या दबावाखाली बदललेल्या विषाणूला फायदा असतो. दबाव नसलेल्या शरीरात मूळ प्रकारच वरचढ ठरतो. पळवाट आहे, पण तिची किंमत भरावी लागते.

चाचणीची नजरचूक

तरीही कार्मन यांनी एका बाबतीत सातत्याने सावध केले. प्रतिपिंड ज्या वळशाला पकडते, त्याच वळशाला रक्तातला विषाणू शोधणाऱ्या चाचण्याही पकडतात. १९९५ मध्ये त्यांनी एका रुग्णाची हकिगत प्रसिद्ध केली: जुना संसर्ग अचानक उसळून यकृताने दगा दिला, पण एकाच प्रकारच्या प्रतिपिंडावर आधारलेल्या चाचणीला विषाणू दिसलाच नाही, कारण त्याचे आवरण बदललेले होते. रक्तपेढीसाठी याचा अर्थ गंभीर होतो. चाचण्या बनवणाऱ्या कंपन्यांना वेगवेगळ्या जागा पकडणारी प्रतिपिंडे एकत्र वापरावी लागली, आणि विषाणूचा डीएनए थेट शोधणाऱ्या ‘नॅट’ चाचण्यांची बाजू बळकट झाली.

औषधांच्या बाबतीतही हेच नाटक घडले, फक्त दबाव दुसऱ्या टोकाकडून आला. लॅमिव्हुडिन या गोळीला हिपॅटायटिस बीसाठी अमेरिकेत १९९८ च्या अखेरीस मान्यता मिळाली. ती पॉलिमरेझला अडवते. वर्षभरात १५ ते ३० टक्के रुग्णांत आणि चार-पाच वर्षांत सुमारे ७० टक्के रुग्णांत विषाणूने पॉलिमरेझच्या एका ठरावीक जागचे मेथिओनिन बदलून टाकले आणि गोळी निष्प्रभ केली. मेलबर्नच्या स्टीफन लोकार्निनी यांच्यासारख्या संशोधकांनी हा बदल आवरणाच्या वाचनात काय उलथापालथ करतो, याचा माग काढला. कारण इथेही अक्षरे सामायिक होती. टेनोफोव्हिरसारख्या नंतरच्या औषधांपुढे विषाणूला परवडणारी पळवाट जवळजवळ सापडलेली नाही.

१९९३ मध्ये कार्मन, थॉमस आणि स्पेनचे एस्तेबान डोमिंगो यांनी ‘लान्सेट’मध्ये विषाणूंच्या जनुकीय विविधतेवर लेख लिहिला आणि हिपॅटायटिस बी हे दवाखान्यातले उदाहरण म्हणून घेतले. तोपर्यंत विषाणूंचे बदल हा प्रामुख्याने उत्क्रांतीच्या अभ्यासकांचा प्रांत समजला जाई. वैद्यकीय विषाणुतज्ज्ञ प्रयोगशाळेत बसतो, पण त्याच्यापर्यंत येणाऱ्या प्रत्येक नळीमागे वॉर्डातला कुणीतरी असतो. कार्मन यांचे प्रश्न तिथूनच आले: अहवाल बरा आणि रुग्ण वाईट, असे का? लस घेतलेले बाळ बाधित का? चाचणी गप्प का? ते फक्त एका विषाणूत रमले नाहीत, यातही तीच वृत्ती दिसते. ग्लासगोत असताना दीर्घकालीन शुश्रूषेच्या रुग्णालयांत कर्मचाऱ्यांनाच फ्लूची लस दिली तर तिथल्या वृद्धांचे मृत्यू घटतात का, याची चाचणी त्यांनी घेतली; २००० साली तिचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले आणि आजही आरोग्यसेवकांच्या लसीकरणाच्या चर्चेत ते येतात.

पुणे आणि मोडासा

आपल्याकडे हे शास्त्र पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत, एनआयव्हीत, रुजले. विद्या अरणकल्ले यांच्या हिपॅटायटिस गटाने पश्चिम भारतातल्या विषाणूंची घराणी तपासून २००३ मध्ये निष्कर्ष मांडले. इथे डी गटाचे प्राबल्य आहे. म्हणजे ग्रीसमध्ये १८९६ क्रमांकाच्या बदलाला जी जमीन मिळाली, तशीच ती महाराष्ट्र-गुजरातेतही आहे.

२००९ च्या सुरुवातीला गुजरातमधल्या साबरकांठा जिल्ह्यात, मोडासा परिसरात, हिपॅटायटिस बीची मोठी साथ आली. हा विषाणू सहसा साथ आणत नाही. तो रक्तातून, आईकडून बाळाकडे, लैंगिक संबंधांतून हळूहळू पसरतो. इथे शेकडो लोक आजारी पडले आणि मृत्यूंचे प्रमाण धक्कादायक होते. एनआयव्हीच्या अभ्यासात दोन गोष्टी जोडीने पुढे आल्या. नीट निर्जंतुक न केलेल्या सुयांमधून विषाणू पसरला होता. आणि या साथीतल्या मृत्यूंचा प्री-कोअर व त्याला लागून असलेल्या भागातल्या बदलांशी संबंध दिसत होता. ग्रीक रुग्णांत जो बदल वर्षानुवर्षे यकृत पोखरत होता, तो बदल झालेला विषाणू नव्या, निरोगी प्रौढ शरीरात घुसला, की काही जणांत झपाट्याने यकृत निकामी करू शकतो. जपान आणि इस्रायलमधल्या रुग्णांवरून १९९१ मध्येच याचा इशारा मिळालेला होता.

मोडाशाच्या साथीत विषाणूचे रूप किती घातक ठरेल, हे एका अक्षराने ठरवले असेल. तो इतक्या जणांपर्यंत पोहोचला, तो मात्र सुईने. या दोन्ही गोष्टींचा इलाज एकच नाही. बदल घडणे आपल्याला थांबवता येत नाही. बदलणाऱ्या विषाणूला नवे शरीर मिळू न देणे आपल्या हातात आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२२ मध्ये जगात २५.४ कोटी लोक या विषाणूसह जगत होते, त्यांतले जवळपास तीन कोटी भारतात. हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये देशी लस आणल्यापासून ती स्वस्त झाली, आणि २०११ पर्यंत तिचा राष्ट्रीय लसीकरणात देशभर समावेश झाला.

तिचा पहिला डोस जन्मानंतर २४ तासांच्या आत द्यायचा असतो, आणि हा आग्रह प्रशासकीय नाही. आईकडून विषाणू मिळालेल्या बाळाची प्रतिकारशक्ती त्याला आपलेच समजून बसण्याआधी लस पोहोचायला हवी. अथेन्सच्या रुग्णांनी विचारायला लावलेल्या प्रश्नातून ‘ई’ प्रतिजनाबद्दल जे कळले, त्याने या घाईचे कारण अधिक स्पष्ट केले आहे. प्रसूतिगृहातून घरी जाताना बाळाच्या कार्डावर ‘हिपॅटायटिस बी - शून्य डोस’ ही नोंद आहे ना, एवढे प्रत्येक आईबापाने पाहून घ्यावे. नसेल, तर तिथल्या नर्सबाईंना तिथेच विचारावे.